ढेकरीचं विरजण

विझणाऱ्या काड्या

टाकीबाईने काडी ओढली, नळीच्या तोंडाशी नेली आणि श्वास रोखून धरला. काडी विझली. दुसरी ओढली. तीही विझली, आणि साधी नाही, समोरून कुणी मुद्दाम फुंकर मारावी तशी.

"वारा आहे," पंपवाले काका म्हणाले.

"पान हलत नाहीये काका."

"मग नळी रुसलीय तुमच्यावर."

वारा नव्हता आणि रुसवाही नव्हता. काय होतंय ते टाकीबाईला पक्कं माहीत होतं, म्हणून तर जीव टांगणीला लागला होता. अख्ख्या शहराच्या संडासांतून आणि मोऱ्यांतून जे वाहत येतं त्यातला गाळ या बंद टाकीत साठतो. आत जंतूंच्या दोन टोळ्या लागतात. पहिली टोळी गाळ आंबवते. दुसरी त्या आंबलेल्यातून जळणारा वायू काढते. पहिली टोळी जोरात कामाला लागली होती, टाकी आंबट होऊन फुगली होती. दुसरी टोळी आलीच नव्हती. त्यामुळे नळीतून जो वायू येत होता तो काड्या पेटवत नव्हता, विझवत होता.

"महिनाअखेर," साहेबांनी सांगून ठेवलं होतं. साहेब म्हणजे सांडपाणी खात्याचे मुख्य. "महिनाअखेर मला ज्योत दाखवा. नाहीतर टाकी उपसून टाकू, गाळ पुन्हा ट्रकांनी शहराबाहेर. विषय संपला."

त्यांचा विषय संपायचा. टाकीबाईचा जीव संपला असता. ही टाकी मिळवायला तिने इतकी वर्षं इतक्या बैठकांत इतका घसा फोडला होता की खात्यात तिचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. जिने टाकी मागितली ती टाकीबाई.

तिने तिसरी काडी ओढली.

विरजण कुठून आणलं होतं

नव्या टाकीला विरजण लागतं. दुधाला चमचाभर दही लागतं तसं. गाईच्या पोटात दुसऱ्या टोळीचे जंतू पिढ्यान्‌पिढ्या बस्तान मांडून असतात, म्हणून टाकीला विरजण गाईच्या शेणाचं. पण नियम कडक. शेण तपासलेल्या, निरोगी गोठ्याचंच हवं, कारण टाकीतून शेवटी जे उरतं ते शेतांत जातं. तसा गोठा आसपास एकच, भिंतीपलीकडचं पैदास केंद्र. आणि पैदास केंद्रात शेण हवं असलं तर कुणाला विचारायचं?

नणंदेला.

नणंद तिथे डॉक्टर. वयाने धाकटी, राहायला यांच्याच घरी. टाकीबाई एरवी तिला तू म्हणायची, चिडली की "अहो वन्सं" म्हणायची, आणि ती बहुतेक वेळ चिडलेलीच असायची, म्हणून आपणही वन्संच म्हणू.

वन्संचं काम मोठं नाजूक. निवडक गाईच्या पोटातून सुईने अंडी काढायची, काचेच्या बशीत फळवायची, आणि वाढू लागलेला गर्भ दुसऱ्याच कुठल्या तरी साध्यासुध्या गाईच्या पोटात ठेवायचा. एकाच आईबापाची लेकरं एकाच हंगामात पाच-सहा आयांच्या पोटी. वासरू जन्मलं की त्याच्या कानाचा टिकलीएवढा तुकडा तपासायचा आणि सांगायचं, ही ठेवा, ती काढा. सगळा खटाटोप कशासाठी? तर कमी ढेकर देणाऱ्या गाई घडवण्यासाठी. गाय रवंथ करते, ढेकर देते, त्या ढेकरातून वायू वर जातो आणि जगाची हवा तापते. वन्सं तो ढेकर पिढीमागून पिढी खाली आणत होती.

म्हणजे बघा. भिंतीच्या अलीकडे एक बाई वायू वाढवायला झटत होती, पलीकडे दुसरी तोच वायू कमी करायला झटत होती, आणि दोघी रोज एका टेबलावर जेवत होत्या. तरी हे दोघींच्या डोक्यात एकत्र आलं नाही. याला कारण दादा.

दादाचा नियम

दादा टाकीबाईचा नवरा, वन्संचा भाऊ, धंद्याने चष्मेवाला. स्वच्छ माणूस. दिवसभर काचा पुसतो. लग्नानंतर काही दिवसांतच त्याने हात जोडून सांगितलं होतं, "तुम्ही दोघी कर्तबगार आहात, मला तुमचा अभिमान आहे. पण पोटातून जे बाहेर येतं ते ताटासमोर बोलायचं नाही. माणसाचं नाही, जनावराचं नाही."

दोघींनी पाळलं. कामाचं बोलायचंच झालं तर गोलगोल बोलायच्या. त्या दिवशीही तसंच.

"यंत्राचे आकडे आले," वन्सं म्हणाली. ती नुसती बसली नव्हती, खुर्चीत उड्या मारत होती. "खाली! इतके खाली की यंत्र बिघडलं असं वाटून मी स्वतःच त्यात डोकं घातलं."

यंत्र म्हणजे एक पेटी. गाय खाऊसाठी त्यात तोंड घालते, आतला पंखा तिचा श्वास ओढून घेतो आणि यंत्र त्यातला वायू मोजतं.

"मग?" दादा म्हणाला. "तुझे जास्त आले?"

"दादा! नियम तुझाच आहे."

"मी काय म्हटलं? आकडे म्हटलं."

टाकीबाई हसली नाही. तिचं अर्धं लक्ष अजून नळीपाशी होतं. "कोणाचे खाली आले?" तिने उगीच विचारायचं म्हणून विचारलं.

"पहिल्या गोठ्यातल्या पोरींचे. आजीच्या मानाने जवळजवळ शून्यावर आल्यात गं! आमचे मोठे डॉक्टर म्हणतात हे खाण्यामुळे असेल, हवेमुळे असेल. मी म्हणते रक्तातच आहे. पण सिद्ध कसं करू?"

"पहिला गोठा," टाकीबाई म्हणाली.

"हो."

"मला तू ते जे दिलंस, पिंपं भरभरून, हौसेने… ते कुठल्या गोठ्यातलं?"

वन्संचा हात पाण्याच्या भांड्यावर थांबला.

"वहिनी, तुला आपलं चांगल्यातलं चांगलं द्यावं म्हणून…"

"कुठल्या?"

"पहिल्या."

आणि मग टाकीबाई जे म्हणाली ते

ताटासमोर म्हणायचं नसतं.

दादाने ताट उचललं आणि उभ्यानेच जेवत स्वयंपाकघरात गेला.

"म्हणजे अख्ख्या मुलखात ज्या गाईंच्या पोटात माझे जंतू नाहीत, नेमक्या त्याच गाईंचं शेण मी माझ्या टाकीत घातलं! आणि वर त्या पंपवाल्या काकांना आठवडाभर शिव्या घातल्या!"

वन्संचे डोळे मोठे होत गेले. मग ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिने वहिनीला अशी मिठी मारली की खुर्ची करकरली.

"वहिनी, तुझी टाकी पेटली नाही!"

"नाही पेटली! आणि नाचतेस काय?"

"अगं, खाण्यामुळे असतं, हवेमुळे असतं, तर शेण टाकीत गेल्यावर जंतू वाढायला हवे होते. तिथे गाळ भरपूर, ऊब भरपूर. तरी नाही वाढले. म्हणजे ते नव्हतेच! पोरींच्या पोटातच नाहीत! तुझी टाकी म्हणजे माझा पुरावा आहे, एवढा मोठा, सिमेंटचा!"

"अहो वन्सं," टाकीबाई म्हणाली, आणि आतून दादाच्या ताटाचा आवाज थांबला, "तुमचा पुरावा महिनाअखेर उपसून ट्रकात भरतायत. माझ्यासकट."

तेव्हा कुठे वन्सं खाली बसली. बराच वेळ तिने मिठाच्या भांड्याचं झाकण फिरवलं. तिला काहीतरी सुचलं होतं आणि ते सांगायची लाज वाटत होती, हे टाकीबाईला दिसत होतं.

"एक आहे," वन्सं शेवटी म्हणाली. "ढेकरी."

ढेकरी कोण? पहिल्या गोठ्यातल्या पोरींच्याच आईबापाची, त्याच बशीतली, तपासलेली, निरोगी. कानाचा तुकडा बघून वन्संनेच छातीठोक सांगितलं होतं की ही सगळ्यात गुणी निघणार. आणि निघाली उलटी. यंत्रात तोंड घातलं की काटा वर. गोठ्यातले लोक म्हणायचे, ही जवळ आली की टोप्या उडतात. वन्संने तिला बाजूच्या गोठ्यात एकटी बांधली होती आणि केंद्रातून काढून टाकायचा अर्ज केला होता. अर्ज मंजूर झाला होता. परवा गाडी येणार होती.

"माझी चूक आहे ती गाय," वन्सं म्हणाली. "रोज सकाळी माझ्याकडे बघून ढेकर देते."

"वन्सं," टाकीबाई म्हणाली, पण आता त्यात राग नव्हता, "पायात चपला घाल."

"आत्ता?"

आतून दादाचा आवाज आला, "जा बायांनो, जा. मला सुखाने जेवू द्या."

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत

मोठे डॉक्टर पैदास केंद्राचे प्रमुख. खोलीत औषधाचा वास, भिंतीवर वळूंचे फोटो, लोकांच्या घरी पूर्वजांचे असतात तसे. टाकीबाईच्या पायांत केंद्राने दिलेले, तिच्या मापाच्या दुप्पट रबरी बूट होते. बाहेर औषधाच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय आत सोडत नाहीत. तिने इतके जोरात बुडवले की पाणी आत गेलं होतं आणि आता हललं की बूट पचपच करत होते.

"ज्या गाईला काढा म्हणून तुम्ही अर्ज केलात," मोठे डॉक्टर म्हणाले, "तिलाच ठेवा म्हणून आता अर्ज?"

"हो सर."

"कारण?"

दोघींनी वाटेत कारण ठरवलं होतं. शेजारच्या खात्याला मदत, शहराचं भलं, असं गुळगुळीत काहीतरी. टाकीबाई ते म्हणायला तोंड उघडतेय तोच वन्संने बोलायला सुरुवात केली.

"कारण मी चुकले सर. तिच्याबद्दल माझा अंदाज साफ उलटा निघाला. आणि मला ती चूक डोळ्यांसमोर नको होती म्हणून मी तिला काढायला निघाले होते. पण एकाच आईबापाच्या पोरी, एकीकडे वायू नाही, दुसरीकडे वायूच वायू. दोघींचं शेण दोन पिंपांत, गाळ एकच, ऊब एकच. एक पेटलं आणि दुसरं नाही पेटलं, तर खाण्याचा आणि हवेचा प्रश्नच उरत नाही. ढेकरी नसेल तर माझ्या गुणी पोरींची तुलना कोणाशी करू?"

मोठे डॉक्टर पुढे झुकले. टाकीबाईचे बूट पचकले.

"म्हणजे तुमच्या गाईंचं शेण नापास झालं म्हणून तुम्ही पास?"

"बरोबर."

"आणि या कोण?"

"माझी वहिनी. नापास शेण हिच्या टाकीत आहे."

मोठ्या डॉक्टरांनी टाकीबाईकडे बघितलं. आयुष्यभर वळूंकडे बघून बघून त्यांची नजर तशीच झाली होती, आधी खांदे बघायची. "महिनाअखेरपर्यंत ठेवा," ते म्हणाले. "आणि मला पिंपं बघायला बोलवा. असं काही मी अजून पाहिलेलं नाही."

दोघी बाहेर आल्या आणि कॉरिडॉरमध्ये धावत सुटल्या. एकीचे बूट पचपच, दुसरीचे खटखट. कोणीतरी दारातून डोकं काढून विचारलं, कुठली गाय विते आहे?

ढेकरीच्या मागे

उभं राहायचं.

बादली घेऊन उभं राहायचं आणि वाट बघायची.

ढेकरी देखणी होती, तांबूस, पापण्या लांब. तिने मान वळवून दोघींकडे पाहिलं, एक दणदणीत ढेकर दिला आणि पुन्हा चारा चघळू लागली.

"आहा," टाकीबाई म्हणाली. "वास घे. वास घे जरा."

"वहिनी, लोक अत्तराबद्दल असं बोलतात."

"तू अत्तरच लाव. मला हे हवंय."

"शेपटी! शेपटी वर!"

"थांब, पुढे जाऊ नकोस…"

"बादली, बादली!"

"आली!"

भिंतीपलीकडून पंपवाल्या काकांनी हाक मारून विचारलं, "बाई, मुलगा की मुलगी?"

बेत सोपा होता. एका गाईच्या शेणाने अख्खी टाकी विरजायची नाही. पण चमचाभर दह्याने वाटी लागते, वाटीने पातेलं लागतं. आधी पिंप, मग हौद, मग टाकी. पिंपात निम्मा टाकीतलाच आंबट गाळ, चुना टाकून आंबटपणा मारलेला, आणि निम्मं ढेकरीचं ताजं शेण. शेजारी दुसरं पिंप, सगळं तेच, फक्त शेण पहिल्या गोठ्यातलं. दोन्ही पिंपांची तोंडं घट्ट बंद, दोन्हींना एकेक नळी, नळ्या एकेका पाण्याच्या बाटलीत. वायू आला की पाण्यातून बुडबुडा येणार. त्याच्या पुढे चुन्याच्या निवळीची बाटली, काडी विझवणारा वायू पिऊन टाकायला. आणि सगळ्यात शेवटी रबरी फुगा.

पिंपांना ऊब हवी. दादाची गोधडी

गेली.

"माझी गोधडी कुठाय?" दादाचा फोन.

"कामाला लागलीय."

"कुठल्या कामाला? थांब, सांगू नकोस."

"अहो, ऐका ना. फोन ठेवू नका. ऐका." टाकीबाईने फोन बाटलीपाशी धरला.

काहीच नाही.

काहीच नाही.

बुडुक.

"काय होतं ते?"

"ऐका!"

बुडुक. बुडुक.

"कोणी पाण्यात पडलं का?"

"माझे जंतू, अहो! जिवंत आहेत! दुसरी टोळी आली!" टाकीबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात स्वच्छ नव्हते. पलीकडच्या पिंपाची बाटलीही बुडुक करत होती, पण तिचा फुगा जेमतेम हलला होता. जे येत होतं ते चुन्याची निवळी पिऊन टाकत होती. ढेकरीचा फुगा मात्र उभा राहिला, गोल झाला, टरटरला.

त्यानंतर रोज वन्सं मधल्या सुट्टीत भिंतीवरून ओरडायची, "किती झाला?" आणि टाकीबाई दोन हात पसरून दाखवायची. हात रोज जास्त पसरायचे. मग काकांनी दोरीने मोजायला घेतलं, कारण त्यांच्या मते बाईंचे हात आनंदात लांब होतात.

ऊन

महिनाअखेर साहेब आले ते भर दुपारी. काळा गॉगल लावून आले. बरोबर मोठे डॉक्टर, आणि दुकान बंद ठेवून आलेला दादा. दादाने अंगात पांढरा शर्ट घातला होता, हे त्याचं धाडस.

"टाकी कुठे पेटलीय?" साहेब म्हणाले.

"टाकीतला गाळ पेटणार आहे साहेब. आधी या पिंपात. मग हौदात. मग…"

"मी टाकी म्हटलं होतं."

"गाळ तोच आहे. वाईट नाहीये, त्याला विरजण चुकीचं लागलं होतं. तो चांगला आहे हे दाखवलं तर उपसायचं कशाला?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "दाखवा," एवढंच.

अंगणात टेबल, टेबलावर दोन फुगे, दोन नळ्या, दोन तोट्या. निवळीला न पुरलेला वायू येऊन पहिल्या गोठ्याचा फुगाही थोडा भरला होता; टाकीबाईने त्याची तोटी उघडली, काडी नेली. काडी विझली. वन्सं मुठी आवळून हळूच म्हणाली, "शाब्बास पोरींनो." मोठ्या डॉक्टरांची मान हलली.

मग ढेकरीची तोटी. काडी ओढली, नेली, मागे घेतली, झटकली.

सगळे बघत राहिले. तोटीच्या तोंडाशी काही नव्हतं. ऊन होतं, टेबल होतं, तोटी होती.

"ही पण गेली," साहेब म्हणाले.

काका जमिनीकडे बघू लागले. साहेब वळले, खिशातून किल्ली काढली. "प्रयत्न चांगला होता. पण मला ज्योत हवी होती."

"वहिनी," वन्सं कुजबुजली, "फुगा बघ."

फुगा बारीक होत होता. सूं असा बारीक आवाज येत होता. आणि तोटीच्या वर, वीतभर वर, समोरची भिंत थरथरत होती, उन्हात रस्ता थरथरतो तशी.

टाकीबाईने वन्संच्या बाहीवर अडकलेलं वाळलं गवत ओढलं आणि त्या रिकाम्या हवेत, जिथे काहीच नव्हतं तिथे धरलं.

गवत भक्कन पेटलं.

"अगं आई!" दादा म्हणाला.

"साहेब!" टाकीबाई एवढ्या जोराने ओरडली की पलीकडे गाई हंबरल्या. "पेटलीय! केव्हाची पेटलीय! ती निळी आहे, भर उन्हात दिसत नाही!"

साहेब परत आले. टेबलापाशी वाकले. "कुठे? मला तर काही…"

"साहेब, गॉगल काढा," चष्मेवाला म्हणाला.

साहेबांनी गॉगल काढला, डोळे बारीक केले, आणि तरीही दिसेना म्हणून, माणूस करतो तेच केलं. बोट पुढे केलं.

"आऽऽ!"

"चटका बसला!" वन्सं टाळ्या पिटत उडाली. "साहेबांना चटका बसला!"

"साहेबांना चटका बसला!" काकांनी भिंतीपलीकडे हाळी दिली आणि गोठ्यातल्या लोकांनी आरोळी ठोकली. दादाने ज्योतीभोवती दोन्ही हातांचा आडोसा केला. त्या सावलीत ती दिसली, निळी, पाकळीसारखी, काठाला जराशी पिवळी, ताठ. मोठे डॉक्टर गुडघ्यावर बसून बघत होते. "एकाच बशीतल्या पोरी," ते वन्संला म्हणाले. "ती तांबडी कुठेही जाणार नाही. तिची अंडी घ्यायची. दोन्ही वंश ठेवायचे." वन्संने मान हलवली आणि मग तिला एकदम रडू आलं, दादाच्या पांढऱ्या शर्टावर.

साहेब बोट तोंडात धरून उभे होते. त्यांनी ते काढलं, त्याच्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं.

"उपसायची नाही," ते म्हणाले. "ऐकलंत का? टाकी उपसायची नाही म्हणतोय मी."

पण ऐकायला टाकीबाई तिथे होती कुठे? ती पदर खोचून हौदाकडे धावत निघाली होती. "काका! झडप उघडा, पंप लावा, पिंप गरम आहे तोवर ओतायचं! वन्सं, रडणं पुरे, बादली घेऊन ढेकरीकडे पळ! अहो, तुम्ही नुसते उभे काय, त्या गोधडीचं एक टोक धरा!"

दादाने आधी गोधडीकडे पाहिलं, मग आपल्या शर्टाकडे. मग त्याने बाह्या वर सारल्या आणि टोक धरलं.